‘मंग आमचा मारुती कोन?’

यवतमाळ जिल्ह्यातलं कापूस-तुरीचं घर (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगा अकरावी सायन्सला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला जाणं त्यानं सोडलं, तेव्हा वडील त्याला समुपदेशकाकडे घेऊन आले. “पोट्टं म्हन्ते, मानूस माकडापासून झाला. मंग आमचा मारुती कोन? देव खोटा का?”

अशा वेळी पहिल्याच भेटीत ‘दोन्ही खरंच आहे’ म्हणून मोकळं होऊ नये. वडिलांना ती टाळाटाळ वाटते, मुलाला थट्टा. आधी दोघांशी वेगवेगळं बोलावं. इथं वडिलांना खुपत होतं ते भलतंच: पोरगा चारचौघांत त्यांना ‘अडाणी’ म्हणाला होता. आणि मुलाचा देवावर राग नव्हताच. हात जोडले तर विज्ञानाशी बेइमानी होईल, ही धास्ती होती.

मग मूळ वाक्य दुरुस्त केलं. तुरीच्या शेंगा ओरबाडणाऱ्या वानरापासून आपण झालो, असं विज्ञान म्हणतच नाही. त्याची आणि आपली वाट अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली, चिंपांझीची आणि आपली साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. “मंग वानरं अजून कशी हायेत?” याला घरची वंशावळ पुरते. चुलतभाऊ हयात आहे म्हणून दोघांचा आजोबा एक नव्हता, असं होत नाही.

मुलाला पुरावा लागतो. चिंपांझीच्या पेशीत ४८ गुणसूत्रं (डीएनएचे गुंडाळलेले धागे), माणसाच्या पेशीत ४६. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालंय. एरवी टोकावर असणारे डीएनएचे तुकडे त्याच्या आत मध्येच सापडतात. यातून शरीर कसं घडलं ते कळतं. त्यामागे कोणी आहे का, ते त्यात दिसत नाही. माणसाचा सगळा डीएनए वाचून काढणाऱ्या मानवी जीनोम प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि समान पूर्वजही मानतात. देव न मानणारे शास्त्रज्ञही पुष्कळ आहेत. मुलाला दोन्ही सांगावं. वाट त्याची त्यानं धरावी.

‘हे तर आपल्या पुराणातही आहे’ म्हणत वडिलांनी दशावतार काढला: आधी मासा, मग कासव, मग वराह. क्रम ऐकायला गोड, पण कासवापासून वराह जन्मला असं पुराण सांगत नाही. सायन्सचं पोरगं ही जुळणी दोन मिनिटांत मोडतं, आणि तिच्यावर टेकलेली श्रद्धाही डळमळते. म्हणून समुपदेशकानं हा आधार स्वतःहून कधीच देऊ नये.

त्यापेक्षा वहीचं पान बरं. मधोमध रेघ मारायची. एकीकडे ‘कसं झालं’, दुसरीकडे ‘कशासाठी’. भांडणातले प्रश्न दोघांनी वेगवेगळे लिहायचे, मग पानं बदलायची. मारुतीला वडिलांनी आपणहून दुसऱ्या बाजूला लिहिलं. ‘अडाणी’ हा शब्द बंद आणि सायन्स सोडवायची धमकीही बंद, एवढं ठरलं. प्रार्थनेला मुलगा आता कधी जातो, कधी नाही.

मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, ‘मी पापी’ हाच घोष सुरू झाला, तर हा वाद देवाचा राहत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.