समुद्री टाकीतले दुधाळ पाणी

प्रश्न : माझ्याकडे सुमारे १८० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत क्लाउनफिशची जोडी आणि एक डॅमसेल आहे. पाणी मी भाट्याच्या किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून आणतो. गेल्या आठवड्यात फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला आणि दुसऱ्याच दिवशी पाणी धुरकट दिसू लागले. पीएच उतरला असावा असे वाटून बफर पावडर (पीएच टिकवून धरणारी भुकटी) टाकली, तर ते अधिकच दुधाळ झाले. दुकानदाराच्या सांगण्यावरून रोज निम्मे पाणी बदलतो आहे, परंतु सकाळी पुन्हा तेच. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. घरचे तुरटी फिरवायला सांगतात. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाण्याच्या रंगाआधी माशांकडे पाहा. वर येऊन तोंडाची उघडझाप करणे हे बहुधा प्राणवायू कमी पडत असल्याचे लक्षण असते. खारे पाणी त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी प्राणवायू धरते, कोकणातल्या उकाड्यात तो आणखी घटतो, आणि पाणी दुधाळ करणारे जिवाणू उरलासुरलाही वापरून टाकतात. म्हणून आजच एअर पंप जोडावा आणि पॉवरहेडचे (टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचे) तोंड पृष्ठभागाकडे वळवून पाणी सतत हलते राहील असे पाहावे. रात्रीसुद्धा हे बंद करू नये.

आता गढूळपणा कशाचा आहे ते ठरवू. आपल्या पत्रात दोन संशयित आहेत, जिवाणू आणि बफर, आणि दोघांवरचे उपाय वेगळे आहेत. काचेच्या दोन पेल्यांत टाकीतले पाणी घेऊन ते काळ्या कागदासमोर ठेवावेत व एका पेल्यात दोन-तीन चमचे पांढरे व्हिनेगर घालून ढवळावे. त्यातले पाणी काही मिनिटांत निवळले, तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा साका आहे, कारण आम्लात तो विरघळतो. व्हिनेगर घालूनही पाणी तसेच राहिले आणि दुसऱ्या पेल्यात काही तासांनंतरही तळाशी काही बसले नाही, तर ते जिवाणू समजावेत. (पेला भरताच धुरकटपणा खालून वर विरत गेला, तर ते केवळ पंपाचे बारीक बुडबुडे असतात.)

पाणी बफरच्या आधीच धुरकट झाले होते, त्यामुळे मुख्य दोष मला जिवाणूंचाच वाटतो. अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू स्पंज, वाळू आणि खडकांना चिकटून वाढतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजावरचे बरेचसे मेले असणार, आणि त्यांची वसाहत पुन्हा उभी राहण्यास आठवडे लागतात. उलट, कुजणाऱ्या अन्नावर जगणारे जिवाणू पाण्यात तरंगत काही तासांत दुपटीने वाढतात. त्यांना खाद्य कोण पुरवते? उरलेले मत्स्यखाद्य तर आहेच, पण आपण रोज ओतत असलेले ताजे समुद्राचे पाणीही आहे. त्यातले सूक्ष्म प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) बंद कॅनमध्ये मरतात आणि टाकीत येऊन कुजतात. रोज निम्मे पाणी बदलण्याचा सल्ला म्हणूनच इथे उलटला आहे.

तेव्हा दोन-तीन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवावे. धडधाकट मासे तेवढा उपास सहज काढतात. खडकांच्या फटींत अडकलेले खाद्य नळीने ओढून घ्यावे. अमोनिया रोज तपासावा, कारण समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने त्याचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो. पाणी बदलायचे ते अमोनिया दिसला तरच, आणि तेही साठवून निवळलेले. स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) असल्यास चालू ठेवावा. यूव्ही दिवा (पाण्यातले जिवाणू मारणारा अतिनील किरणांचा दिवा) उसना मिळाला तर पाणी लवकर निवळेल. नाही मिळाला तरी खाद्य तुटल्यावर साधारण आठवडाभरात फरक दिसावा. यापुढे स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकासा पिळून घ्यावा.

बफर बंद करावा. समुद्राच्या पाण्यात अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची क्षमता) मुळातच सुमारे ७ डीकेएच (ती मोजण्याचे एकक) असते. केवळ मासे असलेल्या टाकीत ती फारशी उतरत नाही. वरून पावडर पडली की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका धरतात. तो माशांना सहसा बाधत नाही, मात्र हीटरवर आणि पंपात थर जमतो.

तुरटी मुळीच नको. पिण्याच्या पाण्याला ती ठीक आहे. टाकीत ती अल्कलिनिटी खाते, पीएच खाली आणते आणि तिचे पुंजके माशांच्या कल्ल्यांना त्रास देतात.

भाट्याच्या पाण्याविषयी एक सूचना. तिथे काजळी नदी समुद्राला मिळते, त्यामुळे पावसाळ्यात पाणी गढूळ तर होतेच, शिवाय खारेपणाही उतरतो. खाडीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी पाणी घ्यावे, दाट कापडातून गाळावे, झाकण असलेल्या पिंपात दोन-तीन आठवडे अंधारात ठेवावे आणि तळाचा गाळ न हलवता वरचेच वापरावे. वापरण्यापूर्वी विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचा अंदाज देणारे माप) १.०२४ ते १.०२६ आहे याची खात्री करावी.

प्रश्न : सॉल्ट मिक्स (समुद्री टाकीसाठीचे तयार मीठ) कालवताना बादलीतले पाणी पांढरे होते आणि तळाशी थर बसतो. मीठ भेसळीचे असेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुधा नाही. आपण आधी मीठ टाकून त्यावर पाणी ओतत असाल, तर सुरुवातीच्या अतितीव्र द्रावणातच कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते आणि ते पुन्हा सहजी विरघळत नाही. आधी आर.ओ.चे पाणी भरावे, त्यात पॉवरहेड चालू करावा आणि मीठ थोडे थोडे सोडावे. प्रमाण लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम पडते, तरी पाकिटावरचे प्रमाण पाहून शेवटी मोजावेच. पाणी गरम करून घेऊ नये, आणि बोअरचे जड पाणी तर नकोच.