तेच चार-पाच जण बोलतात, बाकीच्या वर्गाला कसं सामावून घ्यायचं?

वर्गात वेगवेगळ्या भाषांची, वेगवेगळ्या घरांतली मुलं आहेत, पण उत्तरं ठरावीक मुलंच देतात, असं तुम्ही म्हणताय. माझ्या मते पहिला उपाय म्हणजे प्रश्न विचारून थांबणं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळांच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात असं दिसलं. ही वेळ ३ सेकंदांपुढे गेली की उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. कॉलेजातही हेच घडतं. मनात आपल्या भाषेतून वाक्य जुळवणारी मुलगी तोंड उघडेपर्यंत पुढच्या बाकावरचा हात वर गेलेला असतो.

मी आधी मिनिटभर वहीत लिहायला लावतो, मग शेजाऱ्याला सांगायला, आणि नंतरच वर्गाला. कागदावर दोन ओळी असल्या की धीर येतो.

कुणालाही 'तुमच्या समाजात काय करतात?' असं विचारून अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी बनवू नका, ते फार बोचतं. आणि गुण कशाला मिळतात ते नमुना उत्तरासह आधीच दाखवा. ज्यांच्या घरात हे सांगणारं कुणी नसतं, त्यांना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.