क्रूझ बुक करू का थांबू? डिसेंबरमधली एक केस

२०२२ च्या सुरुवातीला कोरोनाच्या ओमिक्रॉन प्रकाराची लाट ओसरायला लागली तसा माझ्याकडे समुपदेशनात तोच प्रश्न पुन्हा यायला लागला, "मॅडम, ट्रिप बुक करू का अजून थांबू?" कुणाचं काश्मीर, कुणाचं दुबई, आणि क्रूझवाले तर बरेच, कारण सप्टेंबर २०२१ पासून मुंबईतून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझ सुरू झाल्या होत्या आणि घरोघरी मुलांना वाटत होतं की दोन वर्षं कोंडून बसलेल्या आईबाबांना एकदा तरी पाठवावं. भावना फार चांगली आहे. पण त्यातून घरात ताण कसा तयार होतो ते मी बघितलंय, म्हणून डिसेंबर २०२१ मधली एक केस त्यांना विचारून, नाव बदलून सांगते.

वसुधाताई, साठीच्या, राहायला डोंबिवली. लग्नाला पस्तीस वर्षं होणार म्हणून मुलानं दोघांसाठी जानेवारीअखेरची मुंबई-गोवा क्रूझ ठरवली, टोकन भरून टाकलं, बाकीचे पैसे ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचे होते. मिस्टर एकदम खूश, त्यांना शुगर आहे आणि अँजिओप्लास्टी झालेली आहे तरी. ताईंची मात्र झोप उडाली. त्यात ४ डिसेंबरला राज्यातला ओमिक्रॉनचा पहिला पेशंट डोंबिवलीतच सापडला, मग काय, रोज रात्री मोबाईलवर आकडे बघायचे, सकाळी डोकं दुखतंय म्हणायचं. मला त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा, "केसेस किती खाली आल्या की जायला हरकत नाही?"

असा आकडा कुणीच देऊ शकत नाही. आज कमी असलेली संख्या महिन्याभरानं काय असेल ते माहीत नाही, आणि तो आकडा शोधण्यातच माणूस दमून जातो.

त्यांची भीती उगाचची होती असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानला योकोहामात डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ बोट अडकली होती ती त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली, ३,७११ माणसं होती आणि ७०० च्या वर लोकांना लागण झाली, आपल्या भारतीय क्रूची पोरं व्हिडिओ टाकून मदत मागत होती. तेव्हा लस नव्हती, आमचं बोलणं झालं तोवर दोन डोस आणि निगेटिव्ह रिपोर्टशिवाय बोटीवर घेत नव्हते, हा मोठा फरक होता आणि तो मी त्यांना सांगितला. पण बंद जागा, एकत्र जेवण, आणि कुणी पॉझिटिव्ह निघालं तर उतरायचं कुठे ते आपल्या हातात नाही, हे काही बदललेलं नव्हतं.

मग मी विचारलं की ताई, नेमकी कसली भीती वाटते, आजाराचीच ना? त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मी नको म्हटलं तर मुलगा म्हणणार आई सगळ्यावर पाणी फिरवते. हो म्हटलं आणि यांना काही झालं तर सगळे म्हणणार तू का नाही अडवलंस."

खरी गोष्ट ही होती. तिघांचा निर्णय आणि ओझं एकटीच्या डोक्यावर. आपल्याकडे घरातल्या बाईवर हे फार सहज येऊन पडतं, काळजी करायचं खातं जणू तिच्याच नावावर असतं, बाकीचे उत्साह दाखवायला मोकळे. अशा वेळी "पॉझिटिव्ह विचार करा" सांगून काय उपयोग?

पुढच्या वेळी मी मिस्टरांना बोलावलं आणि मुलाला व्हिडिओ कॉलवर घेतलं. प्रश्न साधेच विचारले. रद्द केलं तर पैसे परत मिळतात का नुसतं पुढच्या ट्रिपचं व्हाउचर? इन्शुरन्समध्ये क्वारंटाइनचा खर्च धरलाय का? बाबांच्या हार्टच्या डॉक्टरांना कुणी विचारलंय का? मुलानं अटी वाचल्याच नव्हत्या. मिस्टरांना विचारलं, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये सात दिवस बसायला लागलं तर? ते आधी म्हणाले टीव्ही असेल की, मग बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "हिला नाही जमणार."

त्यांनी तिथेच ठरवलं, ३० तारखेपर्यंत डॉक्टरांचा होकार आणि पैसे परत मिळायची लेखी खात्री, दोन्ही आलं तर जायचं, नाहीतर टोकन सोडायचं, आणि जे ठरेल ते तिघांनी ठरवलं असं म्हणायचं. तोपर्यंत रात्री आकडे बघणं बंद. ताई त्या दिवसापासून बऱ्यापैकी झोपायला लागल्या, निर्णय काय होणार ते ठरायच्या आधीच, हे मला महत्त्वाचं वाटतं.

डॉक्टर म्हणाले १० जानेवारीपासून साठीच्या पुढच्या आजारी लोकांना तिसरा डोस सुरू होतोय, तोवर थांबा. कंपनी व्हाउचरच्या पुढे जाईना. टोकन गेलं, मुलगा दोन दिवस फुगून बसला.

३ जानेवारीला बातमी आली की मुंबईहून गोव्याला गेलेल्या क्रूझवर साधारण २,००० लोकांत ६६ पॉझिटिव्ह, लोकांना उतरू देत नाहीत, शेवटी बोट मुंबईला परत आली. ताईंचा लगेच फोन, "बघा, बरोबर केलं ना आपण!" मी म्हटलं ताई, ही बातमी आली नसती तरी तुमचा निर्णय तेवढाच बरोबर होता. कारण हे डोक्यात नीट बसलं नाही तर पुढच्या प्रत्येक ट्रिपला त्या अशी बातमी यायची वाट बघत बसतील, आणि बातमी नाही आली तर उगाच पैसे घालवले म्हणून स्वतःला खात राहतील.

जी घरं असं विचारतात त्यांना मी आधी एवढंच विचारते, घरात रात्री जागून काळजी कोण करतंय? त्या माणसाला समोर बसवा, अटींचा कागद काढा, आणि पैसे भरायच्या तारखेआधी बोला. काही घरं यातून जायचं ठरवतात, तरुण जोडपी, आजार नाहीत, आठवडा अडकलो तरी रजा आहे, त्यांना मी खुशाल जा म्हणते. वसुधाताईंच्या मिस्टरांना त्यानंतरही क्रूझला जायचंच होतं, तिसरा डोस झाला होता, २०२२ च्या होळीनंतर तिघं पुन्हा बोलणार होते आणि त्यावेळी अटी वाचायचं काम मुलानं अंगावर घेतलं होतं.