'आम्ही' आणि 'आपण' ही वाटणी कुणी केली?

मुलुंडच्या एका काकूंचा प्रश्न आहे. सूनबाई लखनौच्या, मराठी हौसेनं शिकताहेत. परवा सासूबाईंना म्हणाल्या, "आई, आम्ही रविवारी आमच्या घरी पूजा ठेवू या का?" घर एकच, देव्हाराही एकच, तरी 'आमच्या घरी' ऐकून सासूबाईंच्या काळजात चर्र झालं. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत. एक, सुनेला हा फरक समजवायचा कसा? दोन, भिशीतल्या मैत्रिणीनं छातीठोकपणे सांगितलं की हा फरक मराठीनं तमिळकडून घेतला, ते खरं का?

समजवणं सोपं आहे. ज्याच्याशी बोलतोय तो मोजणीत धरला की 'आपण', वगळला की 'आम्ही'. 'आम्ही अलिबागला चाललोय' ही नुसती बातमी झाली. 'आपण अलिबागला चाललोय' म्हटलं की ऐकणाऱ्यानं बॅग भरायला घ्यावी. हिंदीतला 'हम' आणि इंग्रजीतला 'वी' हा हिशेब प्रसंगावर सोडून देतात. सूनबाईंना एक खूण सांगा: क्रियापदाला 'ऊ या' लागलं की कर्ता 'आपण'च. 'आपण जेवू या' बरोबर. 'आम्ही जेवू या' कुठलाही मराठी माणूस भांडणातसुद्धा म्हणत नाही. त्यांच्या वाक्यातल्या 'ठेवू या'नंच सांगून टाकलं होतं की मनात सासूबाई धरलेल्या आहेत. तेव्हा काकू, राग सोडा.

पंचाईत आहे ती 'आपण'च्या इतर उद्योगांची. 'आपण कधी आलात?' यातला आपण म्हणजे आदरानं तुम्ही. 'तो म्हणाला, आपण येणार नाही' यात बहुधा तो स्वतः, पण सगळेच येणार नाहीत असाही अर्थ निघतो. 'आपण नीट वागलं की लोक नीट वागतात' यात कुणीही. आणि 'मी आपली गप्प बसले' यातली 'आपली' कुणाचीच नाही, तो नुसता बोलण्याचा सूर आहे. क्रियापद पुष्कळसं निस्तरतं, 'आपण आलो' आणि 'आपण आलात' यांत घोळ होत नाही. सूनबाईंनी आधी 'ऊ या' पक्कं करावं, बाकीचं कानावर पडून पडून बसतं.

आता तमिळचं. शब्द तपासले तर दोन्ही घरचेच निघतात. 'आम्ही' हा संस्कृत 'अस्म-'पासून प्राकृत 'अम्हे'मार्गे आला. 'आपण' हा 'आत्मन्'चा वंशज, प्राकृतात 'अप्पण-'. अशा वंशावळी मांडायचं काम मुंबईत फार लवकर सुरू झालं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1877 मध्ये मुंबई विद्यापीठाची विल्सन व्याख्यानं दिली आणि संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश असं करत आजच्या भाषांपर्यंतची वाट आखून दाखवली. विद्यापीठ तेव्हा अवघं 20 वर्षांचं होतं. या वाटेनं गेलं तर मैत्रीणबाई हरल्या.

पण संस्कृतात 'वयम्' एकच आहे. 'आवाम्' वेगळं आहे खरं, पण ते आम्ही दोघं एवढंच सांगतं. दुसरा म्हणजे ऐकणारा की तिसराच कुणी, हे नाही सांगत. शब्द वाडवडिलांचे मिळाले, पण 'स्वतः' अशा अर्थाच्या शब्दाला उचलून 'तू धरून आम्ही' या जागेवर कुणी बसवलं? व्युत्पत्तिकोश इथे गप्प होतो, कारण तो शब्दांचा माग काढतो, वापराचा नाही.

माटुंग्यात तमिळ शेजारी असतील तर विचारून बघा: ऐकणारा धरून 'नाम्', वगळून 'नांगळ्'. तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु'. मल्याळममध्येही अशी जोडी आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मरे एमेनो यांनी 1956 मध्ये मांडलं की भारत हे एक भाषाक्षेत्र आहे. घराणी वेगळी असली तरी हजारो वर्षांच्या शेजारामुळे भाषांच्या सवयी एकमेकींना लागल्या. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे फ्रँकलिन साउथवर्थ 1971 मध्ये याहून पुढे गेले: मराठीच मुळी आर्य आणि द्रविड भाषकांच्या सरमिसळीतून, जवळजवळ क्रिओल (म्हणजे वेगळ्या भाषा बोलणाऱ्यांच्या व्यवहारातून जन्मलेल्या मिश्र) भाषेसारखी घडली असावी, असं त्यांचं म्हणणं. महाराष्ट्रातल्या गावांची नावं चाळून त्यांनी '-वली' या शेवटाचा संबंध वस्ती अशा अर्थाच्या द्रविड शब्दाशी जोडला. म्हणजे बोरिवली-कांदिवलीची लोकल पकडणारे रोज थोडं द्रविड बोलतात म्हणायचं. (संस्कृत 'पल्ली'कडे बोट दाखवणारेही आहेत, पण खुद्द 'पल्ली'च द्रविडातून आली असं म्हणणारेही आहेतच.)

मला क्रिओलची गोष्ट पटत नाही. घाईगर्दीच्या व्यवहारातून जन्मलेली भाषा आधी लिंगं आणि विभक्तीची ओझी टाकते. मराठीनं तर तिन्ही लिंगं जपली, जी हिंदीला जमली नाहीत. पण शेजारानं सवय लागली, एवढं मात्र पटतं. ते कसं होतं हे जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात पाहिलं. त्यांच्या 1971 च्या लेखात गावाला 'कुपवार' म्हटलंय. जैन शेतकरी घरात कन्नड बोलतात, मुसलमान उर्दू, आणि बाहेर मराठी सगळ्यांची. तिथला मराठी माणूस म्हणतो, 'पाला जरा कापून घेऊन आलो'. उर्दूवाला म्हणतो, 'पाला जरा काटके लेके आया'. कन्नड वाक्यही त्याच क्रमानं, जागेला जागा. घरची भाषा कुणीच सोडली नाही, शब्दही बहुतेक आपापले राखले, पण वाक्याचा साचा तिघांचा एक झाला. 'आपण'चंही काहीसं असंच झालं असावं.

मग मैत्रीणबाई जिंकल्या? तेही नाही. आपल्याला सगळ्यात जवळची द्रविड भाषा कन्नड, आणि आजच्या कन्नडमध्ये 'नावु' एकच आहे. उलट घाटकोपरच्या गुजराती घरात 'आपणे' आणि 'अमे' आपल्यासारखेच वेगळे, आणि मारवाडीतही तशी जोडी आहे. तमिळ तिथून किती लांब! शिवाय मुंडा हे तिसरं भाषाघराणं आहेच, ज्यातली कोरकू आपल्या मेळघाटात बोलतात. त्याच घराण्यातल्या संताळीत तर चार सर्वनामं: मी आणि तू, मी आणि तो, तुमच्यासकट सगळे, तुमच्याशिवाय सगळे. सूनबाईंना हे सांगितलंत तर मराठी सोपी वाटेल. तेव्हा दख्खनातल्या जुन्या द्रविड शेजाराचा हात असण्याची शक्यता मोठी, पण 'तमिळकडून घेतला' असं बोट दाखवून म्हणता येत नाही.

हा फरक जगावेगळाही नाही. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या अभ्यासकांनी 2005 मध्ये काढलेल्या जगाच्या भाषानकाशांत या प्रश्नासाठी 200 भाषा तपासल्या आहेत. त्यांपैकी 63 भाषांत असे दोन शब्द आढळले. इंडोनेशियनमध्ये 'किता' आणि 'कामी' आहेत. पश्चिम युरोपात मात्र हा प्रकार नाही, म्हणून इंग्रजीतून व्याकरण शिकलेल्यांना तो अजब वाटतो, एवढंच.

सूनबाईंना अंधेरीच्या ऑफिसात एक तिसरंच कानावर पडेल, मुंबईच्या हिंदीतलं 'अपन'. 'अपन निकलते हैं' म्हणजे तूही चल; 'हम लोग निकलते हैं' म्हणजे बहुतेक वेळा तू बस. याचंच टपोरी भावंड 'अपुन', म्हणजे सरळ मी. मराठी पोरंही 'आपण नाय घाबरत' म्हणतात तेव्हा त्यात दुसरं कुणी नसतं. हे मराठी-गुजरातीच्या संगतीनं झालं असं म्हणायचा मोह होतो, पण इंदूर-भोपाळकडच्या हिंदीतही 'अपन' आहे. आणि 'आपण', 'अपना', 'अपन' सगळ्यांचं मूळ 'आत्मन्'च असल्यानं नुसत्या शब्दाकडे बघून इथेही निकाल लागायचा नाही.