एखाद्या पक्षाचा कट्टर समर्थक असूनही देश आणि नागरिक म्हणून आपलं कर्तव्य पक्षाच्या वर कसं ठेवायचं? त्यासाठी पक्ष सोडावा लागतो का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बरीच वर्षं तुम्ही एकाच पक्षाचं काम करताय, प्रचाराला जाता, बूथवर बसता, आणि गेल्या निवडणुकीपासून सख्खा भाऊ तुमच्याशी धड बोलत नाही कारण तो दुसऱ्या पक्षाचा. त्यात कोणीतरी तुम्हाला ऐकवलं की खरा देशप्रेमी असशील तर पक्षबिक्ष सोडून दे.

नका सोडू. एकट्या माणसाला ना अर्थसंकल्प चाळायला वेळ असतो ना मंत्र्याला जाब विचारायची ताकद, ते काम पक्षच करू शकतात, आणि चांगल्या माणसांनी पक्ष सोडले की तिथे फक्त पैसेवाले आणि दांडगाई करणारे उरतात. प्रश्न पक्षात असण्याचा नाहीच. पक्षाच्या पलीकडे काही गोष्टी सगळ्यांच्या सामाईक आहेत, त्या कुठल्या हे आपण डोकं शांत असताना ठरवून ठेवलंय का, एवढाच आहे.

मला याचं सगळ्यात मोठं उदाहरण वाटतं ते १५ ऑगस्ट १९४७ चं मंत्रिमंडळ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेसवर आणि गांधीजींवर किती कडक टीका केली होती ते सगळ्यांना माहीत आहे, तरी ते कायदामंत्री झाले. श्यामाप्रसाद मुखर्जी हिंदू महासभेचे, त्यांच्याकडे उद्योग खातं. षण्मुखम चेट्टी मद्रासकडच्या काँग्रेसविरोधी जस्टिस पार्टीतून आलेले, त्यांच्याकडे अर्थ. आणि हे नुसतं मंत्रिपदाचं नाही, फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधून मिळालेली संविधान सभेची जागा गेली तेव्हा त्यांना मुंबई प्रांतातून परत निवडून आणायचं काम काँग्रेसनेच केलं, कारण राज्यघटना लिहिताना हा माणूस बाहेर राहणं देशाला परवडणार नव्हतं, हे राजेंद्र प्रसादांसारख्या लोकांना कळत होतं.

आता पुढचा भाग लोक सांगत नाहीत आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. बाबासाहेब आणि मुखर्जी त्या सरकारात गप्प बसून राहिले नाहीत. दोन्ही देशांतल्या अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी पाकिस्तानशी झालेला नेहरू-लियाकत करार मुखर्जींना पटला नाही, १९५० मध्ये राजीनामा दिला आणि १९५१ मध्ये जनसंघ काढला. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला, हिंदू स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडवलं हे त्यातलं मोठं कारण, आणि का सोडतोय ते त्यांनी जाहीरपणे मांडलं. म्हणजे देश उभा करायचा होता तेव्हा एकत्र, आणि तत्त्वाचा प्रश्न आला तेव्हा उघड विरोध. दोन्ही गोष्टी त्याच माणसांनी केल्या आणि दोन्ही देशासाठीच केल्या. एकता म्हणजे सगळ्यांनी एका सुरात मान डोलावणं असं जे आजकाल दोन्ही बाजूंचे लोक समजून चाललेत ना, ते त्या पिढीला कधीच मान्य झालं नसतं.

२५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं बाबासाहेबांचं भाषण जमलं तर पूर्ण वाचा, मराठीत सहज मिळतं. पक्षांनी आपली मतप्रणाली देशापेक्षा मोठी मानली तर मिळालेलं स्वातंत्र्य पुन्हा धोक्यात येईल, असा स्पष्ट इशारा त्यात आहे. राजकारणात भक्ती, व्यक्तिपूजा ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते हेही त्यातच. आणि तिसरी गोष्ट, जी आपण सोयीने विसरतो, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होणार हा प्रश्न. म्हणजे त्यांच्या लेखी एकतेला धोका फक्त सीमेपलीकडून नव्हता, आपण शेजाऱ्याला माणूस मानतो का नाही इथपासून तो सुरू होत होता. झेंडा लावून हा भाग पूर्ण होत नाही, तो रोज करावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पाहिजे असेल तर १९६२ घ्या. चीनने आक्रमण केलं, कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रीपद सोडावं लागलं आणि यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावलं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं तेव्हापासून म्हणतात. पुढच्या वर्षी नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध लोकसभेवर गेले. आणि लक्षात घ्या, संयुक्त महाराष्ट्राची लढाई संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती, त्या लढाईत याच यशवंतरावांवर विरोधकांनी काय काय आरोप केले होते, रस्त्यावर माणसं मेली होती, ती जखम ताजी होती, तरी संरक्षणमंत्र्याची पोटनिवडणूक हा हिशेब चुकता करायचा मुद्दा नाही हे सगळ्यांनी पाळलं.

पण त्याच युद्धात विरोधकांनी सरकारला प्रश्न विचारणंही सोडलं नाही. वाजपेयी तेव्हा राज्यसभेत तरुण खासदार, त्यांनी आणि इतरांनी संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा म्हणून मागणी केली, नेहरूंनी ती मानली आणि ८ नोव्हेंबरला, युद्ध चालू असताना, अधिवेशन सुरू झालं. सरकारवर सडकून टीका झाली. कोणी त्यांना देशद्रोही ठरवून बाहेर काढलं नाही आणि त्या टीकेने सैन्याचं काही बिघडलंही नाही. सरकार म्हणजे देश नव्हे, आणि विरोधी पक्ष म्हणजे शत्रू नव्हे, हे तेव्हा चांगलं ठाऊक होतं.

नंतरही असं झालंय. १९९४ ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगासमोर काश्मीरवरून भारताविरुद्ध पाकिस्तानचा ठराव आला तेव्हा नरसिंह राव सरकारने शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे दिलं आणि सरकारचे मंत्री सलमान खुर्शीद त्यांच्यासोबत गेले, शेवटी पाकिस्तानने ठराव मागे घेतला. २००१ च्या भूज भूकंपानंतर वाजपेयींनी पवारांना राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन समितीचं उपाध्यक्ष केलं, विरोधी पक्षात असताना, कारण १९९३ च्या किल्लारी भूकंपात त्यांनी केलेलं काम सगळ्यांनी बघितलेलं. इथे कुणाच्या प्रतिमेचं भलं होतंय यापेक्षा ढिगाऱ्याखालच्या माणसाला काय लागतं हे आधी बघितलं गेलं.

मला स्वतःला या सगळ्यांपेक्षा जवळची वाटते ती रोजगार हमी, खेड्यात मागेल त्याला काम देणारी राज्याची योजना. १९७२ च्या दुष्काळात सत्ताधारी काँग्रेसच्या वि. स. पागेंची ही कल्पना राज्यभर गेली, पण डावे, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष या विरोधकांनी दुष्काळी कामांसाठी मोर्चे काढून सरकारला जागं ठेवलं नसतं तर ती टिकली असती असं वाटत नाही. १९७७ ला कायदा झाला तो एकमताने. पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावून. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तो कर याच योजनेला पैसा उभा करायला आला. शहरातल्या माणसाने खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून दिलेला पैसा, यापेक्षा राष्ट्रीय एकता वेगळी काय असते? भाषणात नाही दिसत ती, पण स्लिपवर दिसते.

तुम्ही म्हणाल ही मोठ्या लोकांची गोष्ट झाली, माझं काय. आणि इथेच मला तुम्हाला खरं सांगायचंय ते आहे. आमदार-खासदाराला पक्षाचा व्हीप असतो, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा आदेश. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हीप मोडून सभागृहात मत दिलं तर त्याचं पद जाऊ शकतं, त्यामुळे मनात काही असलं तरी तो पक्षाच्या विरोधात बोट वर करताना दहादा विचार करतो. तुमच्यावर कोणी व्हीप काढलाय? कोणीही नाही. पक्षाने चूक केली तर चूक म्हणायचं संपूर्ण स्वातंत्र्य या देशात ज्यांच्याकडे आहे ते आपण, साधे मतदार आणि कार्यकर्ते, आणि आपणच स्वतःवर व्हीप काढून बसलोय, नेता काहीही बोलो, कुणालाही पक्षात घेवो, आपण त्याचं समर्थन शोधत फिरतो. ज्याच्यावर कालपर्यंत भ्रष्टाचाराचे आरोप आपणच ओरडून सांगत होतो तो आपल्या पक्षात आला की आपण गप्प, हे मला फार लागतं, कारण तिथे आपण देश सोडा, स्वतःचा शब्दही पक्षाच्या खाली ठेवलेला असतो.

मी निवडणुकीच्या ड्युटीवर जातो. मतदान केंद्रात जे बघतो ते तुम्हाला बूथवर बसून माहीतच असेल पण या बाजूने बघा एकदा. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी सगळ्या पक्षांच्या पोलिंग एजंटांसमोर अभिरूप मतदान, म्हणजे मशीनची चाचणी, होतं, किमान ५० मतं टाकून मोजून दाखवायची, मग मशीन क्लिअर केल्याचं दाखवायचं, मग सीलवर सगळ्यांच्या सह्या. बाहेर एकमेकांचे पोस्टर फाडणारे लोक आत एका बाकावर शेजारी बसून एकाच सीलवर सही करतात. एखादा मतदार बोगस वाटला तर २ रुपये भरून आक्षेप घेता येतो. संध्याकाळी १७-सी नमुन्यात किती मतं पडली याची प्रत प्रत्येक एजंटच्या हातात द्यायची, आणि मोजणीच्या दिवशी तोच आकडा मशीनच्या आकड्याशी ताडून बघायचा. म्हणजे ही यंत्रणा कुणी कुणावर डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी नाहीच, प्रत्येक पक्षाने दुसऱ्यावर नजर ठेवावी अशीच बांधलीय, आणि म्हणूनच शेवटी हरलेला माणूसही निकाल मान्य करू शकतो. तुमचा पक्षपणा इथे देशाच्या कामाला येतो, फक्त एका अटीवर, की आपल्या बाजूचा बोगस मतदार आला तरी तुम्ही मान खाली घालून बसणार नाही.

आणि हरल्यावर निकाल मान्य करणं हे मला नागरिक म्हणून सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोठं कर्तव्य वाटतं. शंका असेल तर जरूर घ्या, पण १७-सी ची प्रत हातात घेऊन घ्या, ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका करता येते ती करा. जिंकलो तर जनतेचा कौल आणि हरलो तर सगळं विकलं गेलं, असं पुराव्याशिवाय बोलत राहिलो तर पुढच्या वेळी आपण जिंकल्यावर समोरचे तरी का मान्य करतील?

घटनेतली मूलभूत कर्तव्यं, कलम ५१-क, ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये आली आणि पुढे २००२ ला एक वाढून ११ झाली. धर्म, भाषा, प्रदेश यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढवणं, सार्वजनिक मालमत्ता जपणं आणि हिंसा सोडणं, वैज्ञानिक दृष्टी, वगैरे. यांतली बरीचशी पाळायला कुठलाही पक्ष आडवा येत नाही, येतो तो आंदोलनाच्या दिवशी, जेव्हा आपलीच पोरं एसटीवर दगड मारतात आणि आपण भावना तीव्र होत्या म्हणून सोडून देतो. ती एसटी कुठल्या पक्षाची होती?

फॉरवर्डबद्दल थोडं बोलतो कारण आजकाल आपलं सगळ्यात जास्त राजकारण तिथेच होतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं होती. यात कुठलाही पक्ष नव्हता, मोबाईलवर फिरणारी अफवा होती आणि त्या सगळ्या फॉरवर्ड करणाऱ्यांना आपण लोकांना सावध करतोय, चांगलंच काम करतोय असं वाटत असणार. म्हणून मी हात जोडून सांगतो, दुसऱ्या पक्षाची, दुसऱ्या जातीची, दुसऱ्या धर्माची माणसं वाईट आहेत असं सांगणारा मेसेज आला की तो खरा आहे का हे तपासा, आणि तपासता येत नसेल तर तुमच्यापाशीच थांबवा. आयटी सेलने पाठवला असला तरी, आणि तो आयटी सेल आपल्याच पक्षाचा असला तरी.

कामाचं म्हणाल तर बूथवर तुम्ही आहातच, मतदार यादीचं काम धरा. नमुना ६ नवीन नावासाठी, ७ मयत किंवा दुबार नावावर हरकतीसाठी, ८ दुरुस्ती आणि पत्ता बदलण्यासाठी. आता १८ पूर्ण झाल्याची तारीख वर्षातून चारदा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आपल्याला मत न देणाऱ्या वस्तीतल्या मुलांची नावंही तेवढ्याच धावपळीने घाला, हे सांगायला सोपं आहे, करताना पक्षाची माणसं नाराज होतील, होऊ देत. गावात असाल तर ग्रामसभेला जा. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं आपल्याकडे, तरी पॅनलवरून भांडणं होतात हे मान्य, पण पाण्याच्या टाकीचं बिल वाचताना पॅनल विसरता येतं.

राहिला भाऊ. त्याला फोन करून कोण बरोबर होतं हे ठरवायला बसू नका. यादीची पुढची तपासणी लागेल तेव्हा तो त्याच्या पक्षातर्फे आणि तुम्ही तुमच्या पक्षातर्फे एकाच बूथचं काम मागून घ्या, घरोघरी सोबत फिरा. दोन पक्षांचे दोन भाऊ एकत्र दारात उभे राहिलेले बघून लोक कागद काढून देतील, आणि त्याच्याकडून एखादं नाव सुटलं तर तुमच्या लक्षात येईल, तुमच्याकडून सुटलं तर त्याच्या.