2011 ची दहा टायर गाडी, पाटे आत्ता बदलायचे की पट्टा पडल्यावर?

दादा, तुमची गाडी ऊस भरला की डावीकडं बसते, मिस्त्री म्हणतो पुढचे मागचे सगळे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या, एकदम बदला आणि तुम्हाला निदान पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा ऊस हंगाम संपेपर्यंत तरी ओढायचंय. मी म्हणेन गाडीचं वय बघून काहीच बदलू नका, जो पार्ट बदलायचाय तो तुटला तर ॲक्सल जागेवरनं सरकणार का एवढं आधी बघा. सरकणार असेल तर आजच बदला, नसेल तर हंगाम काढता येतो.

गाडी रिकामी करून वजनकाट्यावर लावा, तिथला प्लॅटफॉर्म लेव्हलला असतो, रस्त्याच्या कडेला मोजून काही खरं कळत नाही. टायरची हवा सारखी करा, मग हबच्या मध्यापासून वर चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) खालच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूला टेप लावा. रिकामीला पण डावीकडं कमी भरलं तर पाटा बसलाय नाहीतर आत कुठंतरी तुटलाय. रिकामी सरळ आणि भरल्यावरच झुकत असेल तर आधी मोळ्या कशा रचल्यात ते बघा. तिथंच पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्हीकडनं मोजा, फरक आला तर सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) तुटून ॲक्सल सरकलेला असू शकतो किंवा टॉर्क रॉडचे (मागचा ॲक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) बुश गेलेत, आणि अशी गाडी तुळजापूर घाटात ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते, ती भरून काढूच नका.

मग तारेच्या ब्रशनं पाटे घासा आणि यू बोल्टच्या (पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या) कडेला बॅटरी मारून बघा. गंजाची बारीक लाल रेष दिसली तर ती बहुतेक चीरच असते. मेन पाटा (सगळ्यात वरचा लांब) किंवा त्याच्या खालचा दुसरा चिरला असेल तर गाडी उभी करा, कारण पुढचा ॲक्सल मेन पाट्याच्या टोकावरच धरलेला असतो, पैसे हंगामानंतर येणार असले तरी यात तडजोड नको. पाटा मधल्या भोकाजवळ तुटला असेल तर समजा यू बोल्ट ढिले होते. नवा पाटा टाकून जुनेच यू बोल्ट आवळले तर तो पण तिथंच जाणार, म्हणून यू बोल्ट कायम नवे घ्या, आणि पहिली भरलेली खेप झाली की परत आवळून घ्या, हे खूप जण विसरतात.

जुना पाटा ठोकून कमान वाढवून देतात ते स्वस्त पडतं खरं, पण भट्टीत नीट पाणी दिल्याशिवाय नुसतं ठोकलेलं पोलाद थोड्याच दिवसात परत बसतं. नवा पाटा घेणार असाल तर त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूला टाका, एकच टाकला तर गाडी उलट्या बाजूला झुकते.

शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश पहार लावून हलवून बघा, थोडं हलत असतील तर थांबू शकतात. चासी जॅकवर उचलून ग्रीस मारा, वजन पाट्यावर असताना मारलं तर घासणाऱ्या बाजूला ग्रीस पोचतच नाही. शॉकअपची (धक्के शोषणाऱ्या नळीची) पण एवढी घाई नाही, पहाटेच्या खेपेनंतर दोन्ही बाजूच्या शॉकअपला हात लावा, दुपारी आपल्या सोलापूरच्या उन्हात सगळंच तापलेलं असतं. काम करणारा गरम लागतो, जो थंड आहे तो गेलेला.

अजून एक, 2018 ला दहा टायरच्या गाडीची मालासकट एकूण वजनाची मर्यादा 25 टनावरनं 28.5 टन झाली, पण तुमच्या गाडीचे पाटे जुन्या 25 टनाच्या हिशोबानं बनलेत, म्हणून वजन आरसी बुकात लिहिलंय तेवढंच भरा. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतोच, मागचं काम थांबण्यासारखं निघालं तर ते त्याच्या आधी बसवा. पुढचे पाटे मात्र ह्याच आठवड्यात घासून बघा आणि काट्यावरचे दोन्ही बाजूचे आकडे मला कळवा.