लाल ठिपका ‘पडतो’ की ‘दिसतो’?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका ताई रिव्हॉल्व्हरच्या माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद करताहेत. ‘रेड डॉट साइट’साठी (नेम धरायला बंदुकीवर बसवायचं, लाल ठिपका दाखवणारं उपकरण) त्यांनी ‘लाल बिंदू दृष्टी’ असा शब्द केलाय आणि वाक्य असं लिहिलंय: ‘रिव्हॉल्व्हरवर लाल बिंदू दृष्टी लावल्यास लक्ष्यावर लाल बिंदू पडतो.’ वाक्य खटकतंय, पण नेमकं कुठे ते सांगा, असं त्या म्हणतात.

ताई, आधी क्रियापद बघा. मोठी चूक तिथे आहे. ठिपका ‘पडतो’ तो लेझरचा. त्याचा किरण समोर जाऊन लक्ष्याला भिडतो आणि तो ठिपका आजूबाजूच्यांनाही दिसतो. रेड डॉटमधून लक्ष्याकडे काहीच जात नाही. आत एक बारीकसा दिवा असतो, त्याचा उजेड पुढच्या तिरप्या बाकदार काचेवर आपटून नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात परत येतो. त्यामुळे ठिपका काचेत नव्हे, तर दूर लक्ष्याजवळच असल्यासारखा वाटतो. म्हणून तो ‘दिसतो’, आणि ‘लक्ष्यावर आणायचा’ असतो. ही युक्ती जुनीच आहे: डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी ती 1900 साली मांडली. एलईडी दिव्यावर चालणारी साइट मात्र स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने 1975 मध्ये आणली.

आता ‘दृष्टी’. मराठीत दृष्टी बघणाऱ्याची असते, वस्तूची नाही. ‘दुर्बीण’ही चालणार नाही, कारण रेड डॉट काही मोठं करून दाखवत नाही. आपल्याकडे यासाठी खरा शब्द होता: माशी. नळीच्या टोकाशी जो बारीक उंचवटा असतो, त्याला जुने बंदूकवाले माशी म्हणत. मागे खाच, पुढे माशी. खाचेतून माशी बघायची आणि माशी लक्ष्याशी जुळवायची. मला हा शब्द फार आवडतो, पण रेड डॉटला तो देता येत नाही. माशी धरताना नजर माशीवर ठरवावी लागते, लक्ष्य थोडं धूसर राहतं. रेड डॉटमध्ये नजर लक्ष्यावरच ठेवायची असते, आणि तीही दोन्ही डोळे उघडे ठेवून. तुमच्या पुस्तिकेत पुढे कुठे ‘एक डोळा मिटून’ आलं असेल, तर तेही मूळ मजकुराशी ताडून बघा.

दुसरा शब्द शिस्त. फारसीतून आलेल्या या शब्दाचा एक अर्थ नेम असाच आहे. एनसीसीत रायफल हाताळलेल्यांना ‘शिस्त लेना’ हा धडा आठवेल. देवळालीच्या तोफखान्याशेजारी वाढलेल्या आम्हा मंडळींना तर हा अर्थ नवा नाही. गंमत अशी की मराठीत ‘नेम’ आणि ‘शिस्त’ या दोन्ही शब्दांना दोन्ही अर्थ आहेत: रोख धरणं, आणि नियमाने वागणं. नेम धरतो आणि नेमाने देवळात जातो. पण ‘लाल शिस्त’ म्हटलं तर आजचा वाचक पार दुसरीकडे जाईल, म्हणून नावात तो नको. ‘शिस्त धरणे’ मात्र मजकुरात एकदा तरी वापराच.

उरला ‘बिंदू’. भूमितीतल्या बिंदूला लांबी-रुंदी नसते, या ठिपक्याला असते, आणि ती महत्त्वाची असते. ‘टिकली’ मीही करून पाहिली, पण ती रिव्हॉल्व्हरशेजारी ठेवली की दिवाळीतल्या टिकल्यांचं पिस्तूलच डोळ्यासमोर येतं. ठिपका बरा. रांगोळीपासून ओळखीचा आहे आणि लहानमोठाही होतो.

त्या आकाराचं माप पुस्तिकेत ‘एमओए’ (मिनिट ऑफ अँगल) असं आलं असेल. त्याला मराठीत तयार शब्द आहे, पंचांगातला: कला. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण 30 कलांचा दिसतो, म्हणजे 3 कलांचा ठिपका त्याच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. 25 मीटरवर तो सुमारे 2.2 सेंटीमीटर जागा झाकतो. पहिल्यांदा ‘कला (एमओए)’ असं लिहा, पुढे नुसतं कला.

पूर्ण उपकरणाला मी ‘रेड डॉट साइट’च म्हणेन, आणि साइट स्त्रीलिंगी: ती साइट बसवली, तिच्यातला ठिपका दिसला. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत उघडी साइटच (खाच आणि माशीची) चालते, त्यामुळे आपल्या रेंजवर हे उपकरण फारसं बोललं गेलं नाही आणि त्याला मराठी नावही रुळलं नाही. ओढूनताणून घडवलेल्या शब्दापेक्षा माहितीचा शब्द वाचकाला जवळचा.

‘लावल्यास’ऐवजी ‘बसवल्यास’ करा. ज्या रिव्हॉल्व्हरला सोय असते, तिची मागची साइट काढून सिलिंडरच्या (गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याच्या) वरून जाणाऱ्या पट्टीला स्क्रूने रेड डॉटची बैठक पक्की करतात. पिस्तुलाचा वरचा भाग दर गोळीला मागेपुढे सरकतो, रिव्हॉल्व्हरची ही पट्टी सरकत नाही. धक्का मात्र बसतोच, तेव्हा स्क्रू ढिले झालेत का ते बघण्याची सूचना अनुवादात गाळू नका.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘रिव्हॉल्व्हरवर रेड डॉट साइट बसवली की काचेतून बघताना लाल ठिपका दिसतो, दोन्ही डोळे उघडे ठेवून तो लक्ष्यावर आणावा आणि शिस्त धरावी.’